गाठीवरचे टाके

आये, परवा माझी धाकटी बहीण जुन्नरला आली होती, आणि माझ्या बाळंत लेकीच्या बाजेशी बसून तिनं तुझी ती गोष्ट पुन्हा सांगितली. माझ्या थोरल्या मुलाचं लग्न आठ दिवसांवर आलंय. लेकीनं त्या दिवशी काय नेसावं यावर बायकांचं बोलणं चाललं होतं. धाकटी हसत म्हणाली, "माझ्या लग्नात आयेनं अक्काला कशी नटवली व्हती! बावीस दिसांची बाळंतीण म्हनून कुनी वळखलं न्हाई." सगळ्या हसल्या. मी उठून परसात गेले आणि रिकामा हंडा घासत बसले. तू असतीस तर तूही हसली असतीस. ही गोष्ट तू जन्मभर हसूनच सांगितलीस, प्रत्येक नव्या नवरीला, माझ्यादेखत. म्हणून आज लिहायला बसले आहे. लिहिणं मला माझ्या लेकीनं शिकवलं, ती मुलींच्या शाळेत जायची तेव्हा. अक्षर वाकडं आहे, पण तुला कुठं वाचता येत होतं.

तू सांगायचीस त्यात काय नसायचं, ते मी सांगते. लोणीच्या घरी मी पहिल्या बाळंतपणाला आले होते. मुलगी झाली. जुन्नरहून सासूबाईंचा निरोप आला की पोरीला सावकाश आणू, घाई नाही. मागोमाग कुणीतरी येऊन तुझ्या कानाशी लागलं, की माझ्या नवऱ्यासाठी ओतूरकडची दुसरी मुलगी बघताहेत. त्या दिवसापासून तू माझ्याशी नीट बोलली नाहीस. डिंकाचे लाडू दिलेस, शेक दिलास, पोट बांधलंस, सगळं केलंस. मुलगी झाली हा जणू मी तुझ्याशी केलेला दगा होता.

आणि धाकटीच्या लग्नाचा दिवस उजाडला. माझ्या सासरची माणसं ओझरला गणपतीचं दर्शन घेऊन गाडीनं येणार होती. सकाळीच तू बाळंतिणीच्या खोलीत आलीस, हातात सासूबाईंनी आदल्या दिवाळीला दिलेलं जरीकाठाचं लुगडं आणि खणाची चोळी. मी म्हटलं, दुसरी कुठलीही सैल चोळी दे, ही होणार नाही. तू ऐकलंच नाहीस. चोळीची दोन टोकं काही केल्या जुळेनात. छाती दुधानं भरलेली, हात लावला तरी कळ यायची. तू चुलतीला बोलावलंस. तिनं मागून माझे दंड धरले, तू पुढून टोकं ओढलीस आणि गाठ मारलीस. मी ओरडले. तू म्हणालीस, "गप ऱ्हा. तुजा संसार चाललाय, अन् तुला छातीचं पडलंय." गाठ सरकायला लागली तेव्हा तू सुई-दोरा आणलास आणि गाठीवर टाके घातलेस. पाच की सहा. दूध बाहेर दिसू नये म्हणून आत जुन्या धोतराच्या घड्या कोंबल्यास. पोरीला पाजायचं कसं, असं मी विचारलं, तेव्हा माझ्या केसात फुलं माळता माळता तू म्हणालीस, की एक दिवस गुळाच्या पाण्यावर राहिली तर मरत नाही.

पोर आत्याच्या मांडीवर होती. आत्या विधवा, तिला मांडवात जागा नव्हती. ती मागच्या खोलीत बसून कापसाचा बोळा गुळाच्या पाण्यात बुडवून पोरीच्या तोंडात पिळत होती. मी मांडवात उभी. अंगावरून जात होतं, आणि तू मला हळदीकुंकवाचं ताट देऊन व्याह्यांच्या बायकांत फिरवत होतीस. सासूबाईंनी मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाल्या, "बाळंतीण वाटत न्हाई हो." तुझा चेहरा असा उजळला, आये, की मी तो कधी विसरले नाही. माझ्या लग्नातसुद्धा तू एवढी खूश नव्हतीस.

जेवणावळी उठल्या, गाड्या जुंपल्या गेल्या, तेव्हा कुठं मी मागच्या खोलीत गेले. पोर रडून रडून निळी पडली होती, आवाज बसला होता. बोटांनी टाके निघेनात. आत्यानं विळीवर दोरा धरून कापला. घड्या काढल्या तर त्या भिजून जड झालेल्या, आणि छाती दगडासारखी. पोरीला धरलं तर तिला तोंडात घेता येईना, ती नुसती डोकं घासायची. तेवढ्यात तू आत आलीस. आत्या जन्मात तुला उलटून बोलली नव्हती, ती तेवढं एकच बोलली, "वयनी, लेकराच्या तोंडातला घास तू शिवून टाकलास गं." तू तिच्याकडे पाहिलं नाहीस. चोळी फाटली का, एवढंच बघितलंस.

तिसऱ्या दिवशी मला ताप भरला. डाव्या बाजूला गळू झालं. कडुलिंबाचा पाला, पोटिसं, सगळं झालं, आणि शेवटी न्हाव्याला बोलावून ते फोडावं लागलं. चौघींनी मला धरलं होतं. त्यातली एक तू. आणि त्याच दिवशी तू मीठ-मिरच्या ओवाळून चुलीत टाकल्यास आणि शेजारणींना सांगितलंस, की लई देखणी दिसत व्हती, नजर लागली. नजर! मी कण्हत पडले होते आणि हे ऐकत होते. ती डावी बाजू पुन्हा कधी भरली नाही. ही लेक आणि तिच्या पाठीवरचे दोन मुलगे, तिघांना मी एका अंगावर वाढवलं. लेक पाच वर्षांची होईतो काडीसारखी होती. तू तिला बघून म्हणायचीस, बापाच्या वळणावर गेली.

सासरच्यांनी मला नेलं, हे खरं. दुसरी सोयरीक मोडली, हेही खरं. तू म्हणायचीस, "तुजा संसार मी शिवलेल्या चोळीनं राखला." पुढं नवऱ्यानं मला सांगितलं, की सोयरीक त्यानंच नाकारली होती, धाकटीच्या लग्नाच्या आधीच. त्यानं पोरीचं तोंडही पाहिलं नव्हतं तेव्हा. हे मी तुला येऊन सांगितलं होतं. तू शेंगा फोडत होतीस. "आसंल," म्हणालीस, आणि पुढच्याच महिन्यात कुणाच्या तरी मांडवात तीच गोष्ट जशीच्या तशी सांगितलीस. तुला भीती वाटली होती, एवढं तरी म्हणायचं होतंस. चुकलं म्हणू नकोस, पण भ्याले होते म्हण. तेवढ्यावर मी गप्प बसले असते.

काल लेकीला मी सांगितलं, तुला हवं ते नेस, नाहीतर मांडवात येऊच नकोस, बाजेवर पडून राहा. ती म्हणाली, "येनार गं, पन पोराला घेऊनच बसनार." बायकांनी नाकं मुरडली. मुरडोत.

हे कुणाला दाखवायचं नाही, लेकीलाही नाही. कारण एक गोष्ट मी कुणाला सांगितलेली नाही, आत्यालाही नाही. त्या दिवशी मांडवात वाजंत्री मधेच थांबली होती, आणि मागच्या खोलीतलं पोरीचं रडणं मला स्पष्ट ऐकू आलं. मी जाऊ शकले असते. तू तेव्हा जवळ नव्हतीस, कुणीच मला धरलेलं नव्हतं. पण सासूबाईंच्या जाऊबाई माझ्या पदराचा काठ हातात घेऊन म्हणत होत्या, की अशी सून आमच्या आळीत नाही. आये, मी तिथंच उभी राहिले. मला ते पुढं ऐकायचं होतं.