थर्मासमधली गार

३ एप्रिल

ती. मावशीस, सा. न. वि. वि.

पार्सल मिळालं. उघडताना संग्रहालयातले सगळे गोळा झाले आणि काकांचा मुतखडा बघून पांगले. अगं, खनिज जमिनीत नाहीतर आभाळात आपोआप घडलेलं लागतं, काकांच्या पोटात नाही. मोती शिंपल्याने केला, म्हणून तोही बाद. काचेचा गोळा तर माणसाने केलेला, शिवाय आतून नुसता गोंधळ. खनिजाचे कण कसे शिस्तीत, रांगेत बसलेले असतात.

'घरातली खनिजं' हे कपाट माझ्यावर सोपवलंय. सैंधव मिळालं, जुन्या इस्त्रीतला अभ्रक मिळाला. मधली जागा रिकामी आहे. ती भरली तर नोकरी पक्की, नाहीतर रामराम, असं साहेबांनी सांगितलंय. तिथे मला बर्फ ठेवायचाय. हो, बर्फही खनिजच, पण आभाळातला; फ्रिजमधला चालत नाही. माझी झोप उडाली आहे.

खडा परत पाठवतेय. काकांनी राग मानू नये.

तुझी लाडकी,
गोटी

९ एप्रिल

चि. गोटीस पोटभर आशीर्वाद.

काका गाल फुगवून बसले होते. एवढ्या कळा सोसून काढलेला खडा, आणि पोरगी म्हणते बाद. पण आज दुपारी गारा पडल्या आणि माणूस खुलला. डोक्यावर पातेलं घालून अंगणात नाचत होते. यांना काही झालंय का, असं शेजारणीने विचारलं. मी म्हटलं, नेहमीचंच आहे.

लिंबाएवढी गार थर्मासमध्ये घालून ते आत्ताच्या गाडीने निघताहेत. पत्रही त्यांच्याच हाती देतेय. त्यांना नीट जेवायला घाल आणि खड्याचा विषय काढू नकोस.

तुझीच,
मावशी

१० एप्रिल

ती. मावशीस, सा. न. वि. वि.

काका सुखरूप पोचले, गार नाही. गाडीतल्या प्रत्येकाला झाकण उघडून दाखवली म्हणे. थर्मासमध्ये घोटभर पाणी होतं. मला रडूच आलं.

काका हळूच म्हणाले, हे पाणी तुमच्या फ्रीजरमध्ये ठेव, कोणाला कळतंय. मावशी, खरं सांगते, मी ठेवणारच होते. पण मग तो फ्रिजमधलाच बर्फ झाला. ज्या नियमाने काकांचा खडा बाद केला, तो माझ्या गारेला नको का लावायला? तसं मी काकांना म्हटलं आणि वळून बघते तर मागे साहेब.

त्यांनी थर्मासमध्ये डोकावून पाहिलं आणि चष्मा घसरेपर्यंत हसले. मग स्वतः चिठ्ठी लिहून थर्मास मधल्या जागेत ठेवला: "काल संध्याकाळपर्यंत खनिज."

नोकरी पक्की झाली, मावशी. मी जिन्यावरून उड्या मारत खाली आले.

माया आहेच, ती अशीच राहू दे, आणि काकांना परत बोलाव. ते कपाटापासून हलत नाहीत. खिशातून तोच खडा काढून येईल त्याला सांगताहेत, की आमची पोरगी भारी कडक आहे, घरच्यांचाही माल बाद करते.

तुझी,
गोटी