बटाट्याची अंडी

१२ एप्रिल, शनिवार

सई मनमाडला जाणार. ठरलं म्हणे!

वहिनीची आज सुट्टी होती. बालवाडीच्या बाईंनी तिला बोलवून घेतलं. सई वर्षभरात एक शब्द बोलली नाय, नाव विचारलं तरी खाली बघते, जूनमध्ये पहिलीत घ्यायचं का ते बघावं लागेल, असं म्हणाल्या. वहिनी घरी आली ती रडवेली. म्हणाली, माझ्या आईकडं मनमाडला ठेवते, तिथं मामाची पोरं आहेत, त्यांच्यात बोलायला लागेल.

मग भांडी लावता लावता म्हणाली — माझ्याकडं न बघता — "दिवसभर हर्षालीजवळ असते. दुसरं काय शिकणार?"

मी ताटं पुसत राहिले.

चुकीचं पण नाय तिचं. मी नववीतून शाळा सोडली ती यासाठीच. बाई उभं करायच्या. उत्तर यायचं पण आवाज यायचा नाय. पोरी हसायच्या. एक दिवस गेले नाय, मग गेलेच नाय. तेव्हापासून सईला नि तिच्या बारक्या भावाला, मयुरेशला, मीच बघते. वहिनी अंबडला कंपनीत, दुपारी जाते ती पोरं झोपल्यावर येते. दादा टेम्पोवर, सारखा बाहेरगावी.

पण सई बोलते! माझ्याशी लय बोलते. आमच्या पत्र्यावरच्या कावळ्यांची सगळी भांडणं तिला माहीत आहेत. कोण कुणाचा मेव्हणा ते सुद्धा. बाहेरचं माणूस आलं की मात्र तोंड बंद.

ती गेली तर मी कुणाशी बोलू?

१४ एप्रिल

शेजारच्या सुवार्तामावशींनी भिंतीवरून हाक मारली. त्या ख्रिश्चन. नर्स होत्या, आता रिटायर. येत्या रविवारी ईस्टर आहे. त्यांच्या चर्चच्या आवारात रंगवलेली अंडी लपवतात आणि बारकी पोरं शोधतात. म्हणाल्या, तुझी दोघं आण की.

मी मान हलवली. घरात आले आणि लक्षात आलं — अंडी!

आईला माळ आहे. तुळशीची. आमच्या घरात अंडं येत नाय, पोरांनी बाहेर पण खायचं नाय. हे मी तिथंच सांगायला पाहिजे होतं. एवढं सोपं वाक्य!

१५ एप्रिल

आज पण नाय सांगितलं. दोनदा भिंतीपर्यंत जाऊन आले.

१७ एप्रिल, गुरुवार

मावशी स्वतःच आल्या घरी. आईपाशी बसल्या नि म्हणाल्या, "आक्का, तुमच्या नातवंडांसाठी मी बटाटे आणलेत. बारके, गोल. रंगवून लपवते. अंड्याला हात लागणार नाही."

आई हसायलाच लागली. "बटाट्याला काय गं, तो उपासाला पण चालतो. ने पोरं."

मी काही न सांगता! मावशी म्हणाल्या, तीस वर्षं भिंतीला भिंत आहे, तुमच्या घरात काय शिजतं ते मला वासावरून कळतं.

जाताना दारात माझ्या खांद्यावर हात ठेवला. हळूच म्हणाल्या, "दोनदा आली होतीस ना भिंतीशी. मी बघितलं. तेवढं पुरतं मला."

असं माणूस! मला वाटलं आत्ताच्या आत्ता यांच्या पाया पडावं. नाय पडले. लाजले.

१९ एप्रिल, शनिवार

दुपारभर मावशींच्या स्वयंपाकघरात. वहिनी कपडे धूत होती, म्हणाली ने दोघांना, तेवढाच मला निवांतपणा.

एका पातेल्यात कांद्याची सालं उकळत होती आणि त्यात अंडी. बाहेर काढली तर गुळासारखा रंग! काही बिटाच्या पाण्यात, काही हळदीच्या. मी बघतच राहिले. लांबूनच.

आमचे बटाटे वेगळ्या ताटात. मावशींनी आधीच चुना लावून वाळवले होते. ब्रशही वेगळा, फडकंही वेगळं. रंग रंगपंचमीचे उरलेले. मयुरेशने एक बटाटा रंगवला आणि स्वतःला दोन्ही कोपरांपर्यंत. सईने बटाट्यावर कावळा काढला. चोच एवढी मोठी की मागच्या बाजूला गेली.

घरी कुणी आलं की सईला विचारतंच, नाव काय बाळा, चॉकलेट देते नाव सांगितलं तर. मावशींनी एकदा पण विचारलं नाय. हिरवा रंग वर धरायच्या, सई मान हलवायची, मग निळा धरायच्या. दोघींचं काम मस्त चाललं होतं. मावशी पण गप्पच होत्या. मुद्दाम!

बॅग भरायला काढलीय वहिनीने. लाल चेनवाली. पुढच्या शनिवारी जायचं म्हणते.

२० एप्रिल, रविवार

काय लिहू, कुठून लिहू!

सकाळची त्यांची प्रार्थना झाली आणि ऊन व्हायच्या आत पोरांना आवारात सोडलं. बरीच पोरं होती. लष्कराच्या कॅम्पातल्या फौजींची पण, केरळचे जुळे बहीण-भाऊ पण, त्यांना मराठी येत नव्हतं पण मयुरेशला काही अडलं नाय. पाळकसाहेब, म्हणजे त्यांचे धर्मगुरू, शिट्टी वाजवतात. पहिल्या शिट्टीला फक्त बारकी पळतात, मोठ्यांनी थांबायचं. आणि मोठी पोरं खरंच थांबली! एकाचा पाय नुसता थरथरत होता पण थांबला. आमच्या गल्लीत नसतं झालं हे.

बटाटे जास्वंदीच्या बाजूला. सईला माहीत होतं. ती पळाली नाय. चालत गेली, उकिडवी बसली, झाडाखालून बघितलं. कुंडीमागे एक. भिंतीच्या भोकात एक. पाण्याच्या टाकीच्या नळाखाली एक. बाकीची पोरं एकमेकांवर आपटत होती आणि ही एकटी, शांत, फ्रॉकच्या ओच्यात बटाटे गोळा करतेय. इतकी हुशार आहे! मला रडायलाच यायला लागलं. वहिनीने हे बघायला पाहिजे होतं, असं सारखं वाटत होतं.

तेवढ्यात मयुरेश दिसला. आवाराच्या दुसऱ्या टोकाला, पायरीवर. केरळच्या पोरासोबत. हातात गुळाच्या रंगाचं अंडं. ते दोघं अंड्यावर अंडं आपटून फोडायला शिकले होते. मयुरेशने साल काढलं. पांढरंशुभ्र. आणि तोंड उघडलं.

मी बघितलं. मला ओरडायचं होतं. आवाज आलाच नाय. पाय पण हलेनात. शाळेत व्हायचं तसंच.

"मयूऽऽ! खाऊ नको! अंडंय ते! आपले बटाटेयत!"

सई!

सगळं आवार थांबलं. खरंच. शिट्टी तोंडात धरून पाळकसाहेब पण. सई ओचा सोडून पळत सुटली, बटाटे सगळीकडे घरंगळले. तिने त्याच्या हातातून अंडं घेतलं आणि त्या केरळच्या पोराला दिलं. फेकलं नाय. दिलं. मयुरेशने भोकाड पसरलं.

पाळकसाहेब खाली वाकले, काय झालं विचारलं. मला वाटलं, आता गप्प होणार ही.

सई म्हणाली, "आमच्या आजीला माळ आहे. आमच्यासाठी बटाटे आहेत. याला कळत नाही अजून, बारका आहे."

तीन वाक्यं! परक्या माणसाला! मान वर करून!

पाळकसाहेब म्हणाले बरोबर आहे, आणि सगळ्या पोरांना सईचे बटाटे गोळा करून द्यायला लावले. मोठी पोरं पण लागली कामाला. मावशी तोंडाला पदर लावून उभ्या होत्या.

येताना सई माझं बोट धरून नेहमीसारखी. म्हणाली, आत्या, माझा कावळ्याचा बटाटा टाकीखाली गेला वाटतं. तो नाय सापडला.

आता हे घरी कसं सांगू? सईचं सांगायचं तर मयुरेशच्या हातातलं अंडं पण सांगावं लागेल. आई मावशींकडं पोरं पाठवायची बंद करेल. त्यांचा काय दोष? नाय सांगितलं तर शनिवारी मनमाड.

२१ एप्रिल, सोमवार

सांगितलं.

वहिनी भाकरी थापत होती, आई लसूण सोलत होती. मी ओट्याला धरून उभी राहिले आणि सगळं बोलले. मधे थांबले, परत बोलले. अंडं पण सांगितलं. मावशींचा दोष नाय, मी बघत उभी होते, माझा आवाज निघाला नाय, हे पण.

आईचे हात थांबले. विचारलं, पोरानं खाल्लं का. मी म्हटलं नाय. मला वाटलं झालं आता.

आई म्हणाली, "म्हणजे माझी माळ पोरीनं राखली."

आणि परत लसूण. एवढंच! मी आईला सतरा वर्षं ओळखते आणि मला माहीतच नव्हतं ती अशी आहे.

वहिनीची भाकरी तव्यावर करपली. ती माझ्याकडं बघत होती. म्हणाली, "कशी ओरडली? ओरडून दाखव."

मी? इथं?

"दाखव ना, हर्षा. मी तिचा मोठा आवाज ऐकलाच नाही गं कधी."

मग मी ओरडले. आमच्या स्वयंपाकघरात, सईसारखी, सगळा श्वास लावून. पत्र्यावरचे कावळे उडाले! आई दचकली, लसूण सांडला. वहिनी हसली आणि हसता हसता रडायला लागली, पिठाच्या हातांनीच डोळे पुसले.

म्हणाली, सकाळी ती बालवाडीत, मी निघते तेव्हा झोपलेली असते दुपारची, येते तेव्हा रात्रीची. माझ्याशी बोलेल कधी? मी तुझ्यावर ढकललं सगळं.

मला तिचं लय कौतुक वाटलं. असं कोण बोलून दाखवतं?

२२ एप्रिल

मावशींना भिंतीवरून सांगितलं सगळं. पहिल्या फेरीतच!

२६ एप्रिल, शनिवार

आज मनमाडला गेले नाय कुणी. बॅग परत माळ्यावर. वहिनी दुपारभर सईजवळ पडून होती, कावळ्यांचं ऐकत. तिला सगळे मेव्हणे पाठ झाले नाय अजून. सई चिडली.

२८ एप्रिल, सोमवार

वहिनी आजपासून पहिल्या पाळीला. सुपरवायझरशी भांडून बदलून घेतली. चारला घरी. दार वाजलं तशी सई "मम्मीऽ" करत पळाली, मागून मयुरेश. मी उठले होते, परत बसले. वहिनी म्हणाली, जा हर्षा, आता बघते मी यांना.

चप्पल घालून दारात उभी राहिले. कुठं जायचं ते ठरवलंच नव्हतं. चार वाजलेत, आणि माझं बोट कुणीच धरलेलं नाय.