ताईचा आवाज

१४ मार्च

प्रिय बारके,

तुम्ही सगळे खुशाल असाल. इकडे आमचंही बरं चाललंय. ह्यांचा गुडघा कुरकुरतो, पण गुडघ्यापेक्षा हेच जास्त कुरकुरतात.

पत्र बघून दचकली असशील. फोनवर तू 'हो ताई, बरं ताई' एवढंच म्हणतेस आणि मी बोलतच सुटते, म्हणून लिहायला बसले.

कारखान्यात माझी तक्रार झाली. कॉलर लावणाऱ्या चौघींनी लिहून दिलं, की या बाईंच्या हाताखाली शाळेत उभं केल्यासारखं वाटतं. मॅनेजरांनी मला सहा शनिवार एका वर्गाला धाडलं. या वयात शिकवणी म्हणून मी फणफणतच गेले. शिकवणाऱ्या बाई माझ्या निम्म्या वयाच्या. त्या म्हणाल्या, प्रत्येकाच्या आत तिघं नांदतात. एक आईबाप, जो दटावतो नाहीतर पदराखाली घेतो. एक मूल, जे घाबरतं, रुसतं, हसतं. आणि एक जाणतं माणूस, जे समोर काय आहे ते बघून बोलतं. आपण आईबाप होऊन बोललो, की समोरचा बहुधा मूल होऊनच उत्तर देतो. मला वाटलं, पोरीला बोलायला काय जातंय.

पुढच्याच आठवड्यात एकीने अकरा शर्टांच्या कॉलरी वाकड्या लावल्या. 'डोळे कुठे असतात तुझे' हे माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. ते गिळलं आणि म्हटलं, "काय होतंय, मला दाखवता का?" तिने दाखवलं. कापड कापणाऱ्यांकडूनच गळे अर्धं बोट मोठे आले होते. दोन दिवस ती ते सांगायला येत होती आणि माझा चेहरा बघून परत जात होती.

तिची ती खाली घातलेली मान काही डोळ्यांपुढून हलेना. अशीच मान मी आधी एकदा पाहिली होती. आईला नेल्यानंतर तू दारात उभी होतीस, हातात बॅग तशीच. सगळ्यांदेखत मी म्हणाले, "निदान शेवटी तरी वेळेवर यायचं होतंस." आणि तू म्हणालीस, "चुकलं माझं, ताई."

तुझं काही चुकलं नव्हतं.

मी तुला गुरुवारी सकाळी फोन केला. आईने तुला बोलवायला सोमवारीच सांगितलं होतं. मंगळवारीही विचारलं, "बारकी निघाली का?" मी म्हटलं, निघेल. तुझ्या शाळेत परीक्षा चालू होत्या. तू घाबरशील, धावाधाव करशील, आई काय दोन दिवसांत उठून बसेल, असं मीच ठरवून टाकलं. तू तीनशे मुलांची शाळा चालवतेस, पण माझ्या लेखी तू अजून बोट धरून रस्ता ओलांडणारी होतीस. गुरुवारी दुपारी आई गेली, संध्याकाळी तू आलीस. माझी चूक माझ्याच्याने सोसवेना, म्हणून मी ती तुझ्या अंगावर टाकली. तू ती मुकाट्याने घेतलीस आणि वर्षभर मी ती तुझ्याकडेच राहू दिली.

तुझं भलं व्हावं म्हणून केलं, असं लिहिलं होतं. ते खोडलं. तुला विचारायला हवं होतं, एवढंच खरं आहे.

त्या दिवशी जे ऐकत होते, त्या सगळ्यांना मी हे सांगितलंय. मामा म्हणाले, "आधी तिला सांगायचंस." म्हणाले ते बरोबर आहे. तिथेही मी क्रम चुकले.

आई बुधवारी काय काय बोलली ते मला आठवतंय. तुला ऐकायचं असेल तर सांगेन. नको असेल तर तेही कळव. रागाने बोलावंसं वाटलं तर बोल, मी मध्ये तोंड घालणार नाही. माफी मागते आहे, पण ती द्यायची की नाही आणि कधी, हे मी ठरवणार नाही.

तुझ्या उत्तराची वाट बघणारी,
जिने तुला उशीर करवला ती,
तुझी बहीण