कुरणातली चर

हार्लेम, १४ मे १६५८

प्रिय सारा,

तुला आणि दोन्ही मुलांना माझे आशीर्वाद. देवाच्या कृपेने इकडे सगळे बरे आहेत, तुमचीही तब्येत ठीक असावी.

तू हॉर्नहून पाठवलेला चीजचा गोळा आणि सुके मासे काल मिळाले. बोटवाल्याने चार स्ट्युव्हर घेतले. मागच्या खेपेला तीनच घेतले होते. विचारलं तर म्हणतो, "बाई, बोट ओढणारा घोडा महागलाय." मी म्हटलं, "घोडा तर तोच दिसतो." तर म्हणे, "म्हणूनच. म्हातारा जास्त खातो." शेवटी दिले. लोणी सहा स्ट्युव्हर पौंड झालं आहे, आम्ही एक वेळच लावतो. मासे उत्तम निघाले.

ह्यांनी तुला काही लिहायला सांगितलं आहे, ते आधी लिहिते. बाबांच्या कुरणातला तुझा अर्धा भाग खोलगट आहे, तिथे पाणी साचतं, गवत नीट धरत नाही, त्यामुळे पुढेपुढे तिथे कापड उजळायला कोणी घालणार नाही. तेव्हा तीनशे गिल्डर घेऊन तू तो ह्यांच्या नावे करून द्यावास. सोबतच्या कागदावर सही करून पाठवावीस. असं ह्यांचं सांगणं आहे.

घरात सध्या चित्राची धांदल चालू आहे. पाउवेल्स मास्तर म्हणून चित्रकार आहेत, ते बाहेरच्या खोलीतच काढतात, कारण चित्राचं कापड दारातून जाणार नाही एवढं मोठं. घरभर जवसाच्या तेलाचा वास. हे उभे आणि मी बसलेली, असं आहे. टेबलावर तुर्की गालिचा, तो ह्यांच्या मावसभावाकडून आणलेला. चांदीची सुरई मास्तरांची स्वतःची. गावातल्या निम्म्या घरांच्या भिंतींवर तीच सुरई आहे, हे मला त्यांच्या बायकोनं मासळीबाजारात सांगितलं. मी ह्यांना म्हटलं, "जे आपलं नाही ते चित्रात कशाला?" तर म्हणाले, "अगं, हे शंभर वर्षं टिकणार. सुरई कुणाची ते विचारायला तेव्हा कोण येतंय?"

आपल्या प्रार्थना-मंडळीतल्या वडीलधाऱ्यांना मी मुद्दाम विचारलं, की हा अहंकार तर नव्हे. ते येऊन बघून गेले. म्हणाले, अंगावर साधे काळे कपडे आहेत, दागिना नाही, मग हरकत नाही. ते काळं कापड केवढ्याला पडलं हे त्यांनी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही.

चित्रात ह्यांच्या मागे एक खिडकी दाखवली आहे आणि हे हातानं बाहेर दाखवताहेत. बाहेर आपलं कुरण. मास्तर स्वतः तिथे बसून कागदावर उतरवून आले होते. गवतावर अंथरलेलं लिनन, कापड भिजवायची ताकाची पिंपं, पाणी शिंपडणाऱ्या बायका, आणि मधोमध बाबांनी खणवलेली चर, अलीकडे माझं, पलीकडे तुझं. तुझ्या बाजूवर ऊन पडलेलं काढलं होतं. मी कितीतरी वेळ बघत उभी राहिले.

गेल्या सोमवारी बघते तर चर नाही. तिथे ओला हिरवा रंग, त्यावर लिननचे दोन पांढरे पट्टे.

मी मास्तरांना विचारलं, "चर कुठे गेली?"

"बुजवली, बाईसाहेब. कुदळ न लावता."

"कुणी सांगितलं?"

"जे पैसे देतात त्यांनी. म्हणाले, मधल्या रेघेनं चित्र तुटतं." आणि मग ब्रश पुसत हळूच म्हणाले, "चित्र काही तुटत नव्हतं."

मी तेव्हाही मनाची समजूत घातली, की गालिचा उसना तसंच हे. पण गुरुवारी अॅमस्टरडॅमहून टीलमान नावाचे रेशीमवाले आले. कुरण पाहायला जायचं होतं, पण पाऊस लागला, तर ह्यांनी त्यांना चित्रासमोर नेलं. टीलमान म्हणाले, "एवढं सगळं तुमचंच?" हे म्हणाले, "दिसतंय तेवढं सगळं." सगळ्या कुरणाच्या विक्रीचं बोलणं एकोणीसशे गिल्डरवर आलं. मी बिअर ओतत होते. पाहुणा घरात असताना नवऱ्याला खोटं पाडायचं कसं, याचाच विचार करत राहिले.

तर आता ह्यांचं सांगून झालं, माझं लिहिते. ह्यांनी सांगितलं ते लिही असं म्हटलं होतं, पुढे लिहू नको असं म्हटलं नव्हतं. माझी पत्रं हे वाचत नाहीत, त्यांत लोण्याचे भाव असतात म्हणतात.

तुझ्या भागात पाणी साचत नाही. काल मी स्वतः चालत जाऊन आले. यंदाचं पहिलं लिनन तुझ्याच बाजूला घातलं आहे, कारण तिकडे लवकर उजळतं. त्या गवताच्या उत्पन्नावर तुझी मुलं जेवतात, हे ह्यांना माहीत नाही असं नाही. हे वाईट नाहीत. त्यांना नगरसभेत बसायचं आहे आणि तिथे बसणाऱ्यांच्या घरी म्हणे अशी चित्रं असतात.

शनिवारी रात्री जेवताना मी ह्यांना सांगितलं, की मी आता चित्रासाठी बसणार नाही. माझा चेहरा अजून खालच्या मातकट रंगातच आहे, नाकडोळे नाहीत.

"हे काय नवीन?" म्हणाले.

"चर परत काढा, मग बसते."

"एका चरीसाठी? सारा काय चित्र बघायला येणार आहे?"

"न येऊ दे. मी रोज त्या खोलीत शिवायला बसणार आहे."

"मास्तर दुसरी कुणी बसवून चेहरा काढतील."

"काढू देत. मग पाहुण्यांना पानं वाढायलाही तिलाच बोलवा."

ह्यांना हसू आलं, मग हसल्याचा राग आला, आणि वाटाण्याचं सूप तसंच टाकून उठले. तीन दिवस बोलणं बंद आहे. मी प्रार्थना करते आणि कणीक मळते.

पण न बसण्यानं चित्र थांबेल, सौदा थांबणार नाही. माझ्या वाट्यावर कायद्यानं ह्यांचा हात आहे, माझ्या सहीला वजन नाही. तू विधवा आहेस, तुझी सही तुझीच आहे, आणि ती मिळाल्याशिवाय सौद्याचे कागद करणारा वकील काही करू शकत नाही. तेव्हा सही करू नको. तीनशे काय, आठशे म्हणाले तरी नको. आणि नुसतं नको म्हणून घरी बसू नको, कारण मग हे स्वतः हॉर्नला येतील आणि गोड बोलतील. ह्यांना ते जमतं, मी त्यावरच भाळले होते. टीलमान येत्या मंगळवारी कुरण पाहायला येणार आहेत. तू सोमवारीच ये. मुलांनाही आण. तुझ्या बाजूला उभी राहा आणि त्यांना तुझं नाव सांग. मी तुझ्याबरोबर येईन. या वेळी बिअर ओतणार नाही.

तुझं प्रवासभाडं मी घरखर्चातून बाजूला काढलं आहे, त्याची काळजी करू नको.

उत्तर आमच्या पत्त्यावर नको. मंडळीतल्या बेलिटिए बाईंच्या नावे परतीच्या बोटीनं पाठव. पानभर लिहायला वेळ नसेल तर "येते" एवढा एकच शब्द लिही, पण त्याच बोटीनं लिही.

तुझी बहीण आणि वाटेकरीण,
जुडिक