बारक्याचा आकडा मोडला

प्रिय बारक्या,

दादाने तुझा आकडा मोडला. कॉम्प्युटरच्या वेगाच्या त्या चाचणीच्या साइटवर आता त्याचं नाव तुझ्या वर आहे, एव्हाना बघितलंच असशील. तुम्ही दोघं एकमेकांशी शब्दही बोलत नाही, पण एकमेकांचे आकडे मात्र डोळ्यांत तेल घालून बघता. मला काय कळत नाही?

पण त्यामागचे हात माझे होते. दादाचे हात गेलेत रे. नसांचा आजार आहे. आधी शर्टाची बटणं लागेनात, मग चमचा धरवेना. तुला कळवायचं नाही, अशी त्याने मला शपथ घातली होती.

तर तो खुर्चीत आणि मी फरशीवर, पुढ्यात कॉम्प्युटरचा उघडा डबा. प्रोसेसर थंड राहावा म्हणून त्यावर लावतात ती पेस्ट वाळली होती, ती मी पुसली, नवी लावली. "वाटाण्याएवढी! मलम चोपडायला बसलीयेस का?" खुर्चीतून दादा. आजारात माणसाचा आवाज बसतो, खवचटपणा नाही. मग प्रोसेसरचा वेग एकेक पायरी वाढवायचा, चाचणी लावायची, तापमानावर नजर ठेवायची. मशीन गोठलं की मुकाट एक पायरी खाली. व्होल्टेजची हद्द त्याने आधीच ठरवून टाकली होती. "मी कितीही गयावया केली तरी याच्या वर जायचं नाही."

आणि केली की गयावया! तुझा आकडा हाताशी आला तसा लहान मुलासारखा हट्टाला पेटला. "एवढ्याने काही जळत नाही गं." मी हलले नाही. दिवसभर माझ्याशी बोलला नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे त्यालाच सुचलं: खिडक्या सताड उघडायच्या. बाहेर कडाक्याची थंडी. आम्ही दोघं पांघरुणात कुडकुडत बसलो. तापमान उतरलं, व्होल्टेज तेवढंच ठेवून वेग आणखी एक पायरी चढला आणि चाचणी पार पडली. दादा हसला. हसता हसता खोकला आला आणि मग श्वासच परत येईना. त्याची पाठ चोळत मी देवाला नाही नाही ते बोलले.

आता ते बोलते, जे तुझ्यापुढे कुणी काढत नाही. आईला व्हेंटिलेटर लावू दिला नाही म्हणून तू दवाखान्याच्या जिन्यात दादाला खुनी म्हणालास. आईने तसं त्याच्या हातात हात देऊन मागितलं होतं. तू तेव्हा इकडे यायला निघालेला, गाडीत होतास. त्याने तुला कधी सांगितलं नाही. म्हणाला, आईवर रागावण्यापेक्षा माझ्यावर रागावलेला बरा.

काल डॉक्टर म्हणाले, फुप्फुसं फार दिवस साथ देणार नाहीत. व्हेंटिलेटरचं विचारलं. दादाने मान हलवली, नको. मी बाहेर जाऊन रडले, आत येऊन त्याचं तोंड पुसलं.

मग त्याने मला तुला पत्र लिहायला सांगितलं. "फक्त आकडा लिही. दुसरं काही नको. चिडला की येईल तो." मी बाकीचंही लिहिलं, कारण तू चिडशील, महिनाभर प्रोसेसरसाठी नवा कूलर शोधत बसशील, आणि तेवढा वेळ त्याच्याकडे नाही. तो अजून बोलू शकतो, पण हळू. जवळ बसावं लागतं.

तुझीच,
ताई