लाजवर्दीतला ल

धुळे, गुरुवार संध्याकाळ

महिनाभर इटालियन शिकतेय. ‘अझ्झुर्रो’ म्हणजे आकाशी निळा, एवढंच घोकत होते. हा शब्द आला कुठून? आज कंटाळून वही मिटली आणि आईची विटलेली निळी साडी रंगवायला रफीकचाचांकडे नेली. इटलीला नोकरीवर जाताना ती सोबत हवीय.

चाचांनी साडीचा फॉल उसवला. त्याच्याखाली मूळ रंग जसाच्या तसा!

“बेटा, हा आसमानी नाही. आमचे अब्बा याला लाजवर्दी म्हणायचे. निळ्या दगडाचा रंग. फारसी नाव शे.”

मी तिथेच मोबाइलवर शोधलं. खरंच, लाजवर्दचंच पुढे अझ्झुर्रो झालं! वाटेत लोकांना पहिला ल म्हणजे नामाआधी लावायचं, इंग्रजी ‘द’सारखं उपपद वाटलं आणि त्यांनी तो गाळला. बिचारा ल.

चाचांना सांगितलं तर खूप हसले. “म्हणजे ल आमच्याकडेच राहिला!”

मी तीन वर्षांची असताना आई गेली. ही साडी मी कायम विटलेलीच पाहिली. आई नेसायची तेव्हा ती कशी दिसत असेल, ते आज कळलं. चाचांचे आभार मानायचे सोडून मी फॉलखालच्या त्या पट्टीवरून बोट फिरवत बसले. त्यांनी पाण्याचा पेला पुढे केला.