घासलेलं नाणं

२१ ऑक्टोबर २०२५, लक्ष्मीपूजन

सापडलं नाही ते नाहीच! आईंचं पूजेचं चांदीचं नाणं. सासूबाईंचं वर्षश्राद्ध झालं, आणि ही माझ्या एकटीच्या हातची पहिली दिवाळी. देवघराचे खण, पितळी डबे, त्यांच्या साड्यांच्या घड्या — सगळं उपसलं. निनाद म्हणतो, "दहाचं ठेव ना, लक्ष्मीला काय फरक पडतो!" नवऱ्यांना कशाचाच फरक पडत नाही.

शेवटी आप्पांच्या कपाटातलं काढलं. सासरे टांकसाळीची स्मारक नाणी मागवतात, निळ्या डबीत येतात. त्यातलं चांदीचं, शंभराचं. आप्पा खोलीतच होते, भिंतीकडे तोंड करून पडलेले. आई गेल्यापासून तसेच असतात. विचारलं नाही. उठवून काय विचारायचं?

डबीतली गोल प्लास्टिकची कुपी उघडली, नाण्याला पंचामृताने न्हाऊ घातलं, हळदकुंकू वाहिलं. आप्पा पूजेला आले, हात जोडले, आत गेले. नंतर नाण्यावर दुधाचे डाग दिसायला लागले. आपली चांदीची निरांजनं घासते तसं दंतमंजनाने घासलं, मऊ फडक्याने पुसलं. लख्ख! परत कुपीत, कुपी डबीत.

चुकलं नाही काही. लक्ष्मीच ती.

९ नोव्हेंबर

यादवकाका आले होते. आप्पांबरोबर एकलहऱ्याच्या वीज केंद्रात होते, दोघं एकदमच रिटायर झाले. मूळचे नामपूरचे, बोलणं अजून तसंच. त्यांनाही नाण्यांचा नाद. म्हणाले, "आप्पासाहेब, आपली नाणी तपासायला पाठवू. माझा मुंबईचा एजंट हाय. बाहेरदेशी जातात, ते लोक भिंगाखाली बघतात, सत्तरपैकी मार्क देतात आणि पक्क्या प्लास्टिकमध्ये सील करून धाडतात. मग हौशी लोकांच्या प्रदर्शनात मांडू!"

आप्पा उठून बसले. खरंच उठून बसले! चहा मागितला. वर्षभरात पहिल्यांदा स्वतःहून.

मी चहा घेऊन गेले तर काका सांगत होते, "काळं पडलेलं चालतं, पण घासलेलं चालत नाय. एकदा फडकं फिरलं की नाणं मेलं. आकडाच देत नाय ते."

कप ठेवला आणि आत येऊन दंतमंजनाचा डबा मागे सरकवला.

१० नोव्हेंबर

डब्या पंधरा-वीस आहेत. दुसरं कुठलंही निवडतील. देवा, दुसरं कुठलंही!

१२ नोव्हेंबर

तेच निवडलं.

"हे माझं सगळ्यात स्वच्छ. मी तर कुपीसुद्धा उघडलेली नाही. कुणाचा हात लागलेला नाही याला," आप्पा म्हणाले. आणि डबी माझ्याच हातात दिली — "बघ, कसं आरशासारखं आहे!"

बघितलं. आरशावर बारीक रेघोट्या. उजेडाकडे तिरपं धरलं की दिसतात. आप्पांना दिसत नाहीत, मोतीबिंदू आहे. यादवकाकांनी ट्यूबलाइटखाली धरून पाहिलं आणि म्हणाले, "लय चमकतंय!" कुपी उघडायची नाही म्हणे, हवा लागते.

मी म्हटलं, "आप्पा, कुरिअरमध्ये हरवलं तर? राहू द्या ना घरीच." यावर हसले. "यशश्री, घरात ठेवून मी काय त्याची पूजा करू?"



१५ नोव्हेंबर

गेलं. यादवकाका स्वतः मुंबईला घेऊन गेले.

२ डिसेंबर

आप्पा दाढी करून जेलरोडवर फिरायला जातात. आमच्या स्वरदाला शाळेतून आणतात, वाटेत तिला नाण्यावर सालाखाली असणाऱ्या टांकसाळीच्या खुणा शिकवतात — ठिपका, चौकट. आता ती भाजीवाल्याच्या सुट्ट्या पैशांवरही ठिपका शोधते. निनाद मला म्हणाला, "आप्पा परत आलेत गं." त्याचे डोळे भरले होते.

त्याला सांगायचं होतं. नाही सांगितलं. सांगितलं तर तो म्हणेल, जाऊन सांग. आणि हे आप्पा परत भिंतीकडे वळतील. मी भित्री आहे, त्याला वर दयेचा मुलामा देते आहे.

१४ जानेवारी २०२६, संक्रांत

"तिळगूळ घ्या, गोड बोला," मी आप्पांच्या पाया पडले. "तू गोडच बोलतेस," ते म्हणाले.

गोड बोलते. खरं बोलत नाही.

३ फेब्रुवारी

फोन वाजला की आधी मीच धावते. आज गॅसवाल्याचा होता. चोराच्या मनात चांदणं!

१७ फेब्रुवारी

आलं.

यादवकाका उंबऱ्यातूनच म्हणाले, "आप्पासाहेब, काय तरी गडबड झाली हाय." जाड प्लास्टिकमध्ये बंद नाणं, वर चिठ्ठी. सत्तरपैकी काहीच नाही. आकड्याच्या जागी नुसता शेरा — साफ केलेलं. बरोबर त्यांनी काढलेला मोठा फोटो.

आप्पांनी भिंग लावलं. बराच वेळ. मग आपले हात समोर धरून बघत बसले. "माझंच काम असणार. तिच्या आजारपणात कधीतरी काढलं असेन, पुसलं असेन. तेव्हाचं मला आठवत नाही काही. हात थरथरतात, डोकंही थरथरायला लागलं म्हणायचं."

मी दारात उभी. हातात पोळीचं पीठ. "नाही आप्पा, मी —" एवढंच बोलायचं होतं! यादवकाका त्यांच्या पाठीवर हात फिरवत होते. मी पीठ मळायला गेले.

१८ फेब्रुवारी

फिरायला गेले नाहीत. सगळ्या डब्या पिशवीत भरल्या. यादवकाकांना फोन केला, "घेऊन जा. मला आता माझाच भरवसा नाही."

भिंतीकडे तोंड.

मी एका म्हाताऱ्या माणसाला त्याचं डोकं गेलं असं वाटू देते आहे! स्वतःचं तोंड वाचवायला. आईंना काय तोंड दाखवू मी? उद्या सांगणार. वाट्टेल ते होवो.

१९ फेब्रुवारी

सांगायला गेले. खरंच गेले. देवाला दिवा लावला, थेट त्यांच्या खोलीत. आप्पा पलंगावर बसलेले, हातात तो मोठा फोटो.

"ये, बस. हे बघ. इथे, अक्षरांच्या खाचेत. लाल दिसतं का काही?"

दिसलं. कुंकू.

"आप्पा, मला तुम्हाला —"

"तुझ्या सासूचं काम हे!" मला बोलूच दिलं नाही. "मागे कधीतरी लक्ष्मीपूजनाला मला न विचारता काढलं असणार. न्हाऊ घातलं, घासलं, ठेवून दिलं. आणि मी उगाच स्वतःला वेडा समजत होतो." हसले. "सत्तरपैकी सत्तर मिळाले असते तर ही खूण राहिली असती का? प्रदर्शन गेलं उडत. देव्हाऱ्यात ठेव ते."

मी ठेवलं. आईंच्या फोटोसमोर. यादवकाकांना फोन करून डब्यांचं रद्द केलं त्यांनी, आणि स्वरदाला आणायला गेले.

आता कसं सांगू? सांगितलं तर आईंची खूण त्यांच्या हातातून काढून घेतल्यासारखं होईल. सुटल्यासारखं वाटलं, आणि त्याचीच लाज वाटते आहे. गेलेल्या बाईच्या माथी माझं पाप!

१ मार्च

आप्पांची लोकरीची बंडी धुवून ठेवायला त्यांच्या कपाटाचा खालचा कप्पा उघडला. आत आईंचा रुमाल, गाठ मारलेला. सोडला. त्यांचं पूजेचं नाणं. त्यांचंच — झिजलेलं, कडेला टवका उडालेला.

आई गेल्यापासून ते आप्पांपाशीच होतं. दिवाळीत मी घर उपसत होते तेव्हाही. म्हणजे त्या दिवशी ताटातलं नाणं आईंचं नव्हे, हे त्यांना हात जोडतानाच ठाऊक होतं. फोटोतलं कुंकू पाहिल्यावर त्यांना आणखी काय कळायचं राहिलं?

तरी म्हणाले, तुझ्या सासूचं काम हे.

रुमालाला होती तशी गाठ मारली. बाहेर स्वरदाचा आवाज येतो आहे, दोघं आलेत. वही मिटते. आधी त्यांना सांगते, मग चहा.